धमनीत हाड आणि हाडात चरबी

कोलेस्टेरॉल म्हटले की आपल्याला हृदयविकार आठवतो. त्याचा संबंध हाडांशी आणि कूर्चेशीही आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. कूर्चा म्हणजे नाकाच्या शेंड्याला, कानाला हाताला लागते ती लवचीक गादी. सांध्यात हाडांच्या टोकांवर तिचेच गुळगुळीत आवरण असते.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. आपले यकृत ते स्वतःच तयार करते. पेशींचे आवरण, पित्त आणि अनेक संप्रेरके त्यावर अवलंबून असतात. त्याच्याच पूर्वरूपावर ऊन पडले की कातडीत ड जीवनसत्त्व बनते आणि तेच हाडांना चुना मिळवून देते. बिघाड होतो तो अतिरेकाने.

१९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले. सशांच्या धमन्यांत चरबीचे थर साचले. पुढे १९९२ साली जन्मतः जास्त कोलेस्टेरॉल असणारे उंदीर प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. अशा उंदरांच्या धमन्यांतील थरांत चक्क कूर्चेसारख्या पेशी व हाडासारखे क्षार आढळले. धमनीच्या भिंतीतील स्नायूपेशी आपले काम सोडून कूर्चेच्या पेशींसारख्या वागू लागतात.

हाडात नेमके उलटे घडते. अस्थिमज्जेतील एकाच प्रकारच्या मूळ पेशीपासून हाड बांधणारी पेशी बनते आणि चरबीची पेशीही. प्राणवायूने बिघडलेली चरबी या मूळ पेशींना हाडाच्या वाटेवरून चरबीच्या वाटेकडे वळवते, असे प्रयोगांत दिसले. म्हणजे जिथे हाड नको तिथे ते होते आणि जिथे हवे तिथे कमी पडते! जास्त कोलेस्टेरॉलच्या उंदरांत सांध्याची कूर्चाही लवकर झिजते.

परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांनी उंदरांत हाड वाढते, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. माणसांवरील मोठ्या चाचणीत मात्र त्यांनी हाडे मोडण्याचे प्रमाण घटले नाही. म्हणून ही गोळी हाडांसाठी कोणी मनाने घेऊ नये आणि हृदयासाठी दिलेली असेल तर मनाने बंदही करू नये.

आपल्या घरात आईचे गुडघे दुखतात, पाठ वाकते. आपण 'वय झाले' म्हणून कॅल्शियमची गोळी देऊन मोकळे होतो. त्याऐवजी एकदा डॉक्टरांकडे नेऊन रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉलही तपासून घ्यावे. रोजचे चालणे, कोवळे ऊन, नाचणीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी हे हाडांना व हृदयाला दोहोंनाही मानवते. तंबाखू व मिश्री मात्र दोहोंचीही वैरीण आहे. ती आजच घराबाहेर काढा.