घरगुती ध्वनिमुद्रणांतील दोन वाटा

ध्वनिमुद्रण हें पूर्वीं मोठ्या शहरांतील कंपन्यांचेंच काम असे. आज तें माडीवरच्या खोलींत एक मायक्रोफोन व एक संगणक यांवर होऊं शकतें. घरांतील वडील माणसांच्या ओव्या, आरत्या व स्तोत्रें जतन करण्याची हौस त्यामुळें अनेक कुटुंबांत उत्पन्न झाली आहे, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु अशीं मुद्रणें ऐकतांना एक दोष आम्हांस वारंवार आढळतो. आवाजावर घुमाऱ्याचा इतका मारा झालेला असतो कीं, शब्दच कळेनासे होतात. घुमारा आवाजाच्या मार्गांतच बसवावा कीं बाजूस ठेवावा, याचा विचार न केल्यानें बहुधा असें होतें.

मार्गांत बसविणें म्हणजे ‘इन्सर्ट’. येथें सबंध आवाज त्या संस्कारांतून जाऊनच पुढें येतो. ‘सेंड’मध्यें मूळ आवाज सरळ आपल्या वाटेनें जातो, त्याची प्रत मात्र हवी तितकी बाजूच्या वाटेस धाडली जाते, आणि तेथून आलेला नाद मुळांत मिसळतो. इन्सर्ट हें आमटींत घातलेलें मीठ. सेंड ही ताटांत डावीकडे वाढलेली चटणी. एकच चटणी साऱ्या पंगतीस पुरते, आणि ज्यास जितकी रुचेल तितकीच त्याच्या ताटांत पडते.

ही युक्ति संगणकाहून जुनी आहे. १९४७ सालीं शिकागो येथें बिल पटनम यांनीं ‘हार्मोनिकॅट्स’ या मंडळीच्या वादनास स्नानगृहांतील घुमाऱ्याची जोड दिली. पुढें १९५७ सालीं जर्मनींतील ईएमटी कंपनीनें पोलादी पत्र्याच्या कंपनानें घुमारा देणारें अवजड यंत्र काढलें. असें यंत्र प्रत्येक वाद्यास निराळें कोठून मिळणार? सर्वांच्या प्रती एकाकडेच धाडणें भाग होतें.

आज वाटेल तितके रिव्हर्ब उघडतां येतात, तरी तोच प्रघात हितावह आहे. गायन, पेटी व तबला यांना तीन निराळे रिव्हर्ब दिल्यास तिघे तीन घरांत बसल्यासारखे वाटतात. एकाकडेच धाडल्यास एका दिवाणखान्यांत बैठक जमते, व संगणकावरचा भारही हलका होतो. मात्र बाजूच्या वाटेवरील रिव्हर्बमध्यें ‘वेट’चें प्रमाण १०० टक्के ठेवावें, नाहीं तर मूळ आवाजाचीच भर पडत राहते. उलट कॉम्प्रेसर व इक्वलायझर यांची जागा सामान्यतः मार्गांतच. आवाजांतील कर्कशपणा काढावयाचा तर तो सबंध आवाजांतूनच काढला पाहिजे.

सेंड ‘फेडर’च्या अगोदर आहे कीं नंतर, हेंही पाहावें. नंतर असल्यास आवाज कमी करतांच घुमाराही त्या प्रमाणांत उतरतो. अगोदर असल्यास आवाज पार उतरविला तरी घुमारा मागें उरतो. घरगुती कामास बहुधा पहिला प्रकारच योग्य.

शेवटीं एक आग्रहाची सूचना. संगणकांत काम चालूं असेपर्यंत दोन्ही वाटांनीं मूळ मुद्रण अबाधित राहतें. परंतु सर्व एकजीव करून काढलेल्या फाईलींतून शुद्ध आवाज जसाच्या तसा परत मिळत नाहीं. म्हणून संस्काररहित मूळ प्रत निराळी राखून ठेवावी, व तिच्यावर तारीख आणि गाणाराचें नांव घालावें. घुमारा नातवंडांस पुढें केव्हांही देतां येईल. आजीचा आवाज तेवढा आजच घ्यावा लागतो.