दुपारी तीन ते सात

ज्या घरात परिचारिका आहे, त्या घरातील वृद्धांना शेजारीपाजारी भाग्यवान म्हणतात, आणि ते काही खोटे नाही. रक्तदाब मोजण्यासाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही, औषधाच्या चिठ्ठीतील अक्षर लावणारे माणूस हाताशी असते. परंतु ती परिचारिका स्वतः पुन्हा विद्यार्थिनी झाली असेल, तर या भाग्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. पाठ्यनिर्देशिका म्हणून परिचर्या शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. माझ्या विद्यार्थिनींना अभ्यासक्रमापेक्षा घरची दुपार अधिक जड जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

जनरल नर्सिंगची ३ वर्षांची पदविका घेऊन नोकरीला लागलेल्या मुली पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा २ वर्षांचा अभ्यासक्रम करतात. पदवीमुळे अध्यापनाचे व बढतीचे दार उघडते. पण तोवर अनेकींचे लग्न झालेले असते, मूल शाळेत जाऊ लागलेले असते. हा काही सवडीने करायचा अभ्यास नव्हे. तास असतात, वॉर्डातील प्रात्यक्षिके असतात, रुग्णागणिक केअर प्लॅन लिहावे लागतात. सरकारी सेवेतील काहींना शिक्षणासाठी रजा किंवा प्रतिनियुक्ती मिळते. खाजगी रुग्णालयांतील कित्येकजणी मात्र शुल्क व घरखर्च भागवण्यासाठी आठवड्यातील काही रात्रपाळ्या चालू ठेवतात. ही व्यवस्था चांगली आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. पण ती आहे, आणि तिच्यात झोपेसाठी उरतात ते दुपारी तीन ते संध्याकाळी सात एवढेच तास.

नेमक्या याच वेळी आपली घरे जागी होतात. चारचा चहा, शाळेतून आलेले मूल, दूरदर्शन संचाचा वाढवलेला आवाज, आणि ‘जरा उठतेस का, पाय सुजल्यासारखा वाटतोय’ ही हाक. दिवसाची झोप मुळातच उथळ असते. उजेडामुळे झोपेला साहाय्य करणारे मेलाटोनिन हे संप्रेरक दबलेले असते आणि दुपारी शरीराचे तापमानही चढते राहते. अशी झोप एकदा मोडली की सहसा पुन्हा जुळत नाही.

तिची किंमत किती, याचा एक दाखला देते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जागरणाचा हातांच्या व लक्षाच्या अचूकतेवर होणारा परिणाम मोजला. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरली होती. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने ०.०३ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. रात्रपाळी करून महाविद्यालयात आणि तेथून दुचाकीवर घरी येणारी मुलगी १७ तासांच्या कितीतरी पुढे गेलेली असते. त्या दिवशी तिने बसने किंवा रिक्षाने यावे, असा हट्ट घरच्यांनी जरूर धरावा. रात्री तिच्याच हातून कोणाच्या तरी शिरेत औषध जाणार असते, हेही लक्षात असू द्यावे.

माझ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. सकाळी पाळी संपली, पुढच्या परिचारिकेला ओव्हर दिला, की ती महाविद्यालयाच्या उलट दिशेला घरी जात असे. केवळ सासूबाईंना नाश्त्यापूर्वीचे इन्सुलिन टोचण्यासाठी. ‘सूनबाईच्या हाताला दुखत नाही,’ असे सासूबाई कौतुकाने सांगत. वय एकाहत्तर, दृष्टी ठीक, हात स्थिर. मी त्यांना भेटून म्हटले, ‘आई, हे तुम्हाला येईल.’ त्या प्रथम रुसल्या. सून आपली जबाबदारी झटकते आहे, असे त्यांना वाटले असावे. मग हट्टाने शिकल्या.

शिकायचे फार नसते. मिश्र इन्सुलिन असेल तर पेन तळहातांत हलकेच घोळवून द्रव सारखा दुधाळ करावा, जोराने हलवू नये. दरवेळी जागा थोडी बदलावी; एकाच ठिकाणी टोचत राहिल्यास तेथे गाठी होतात आणि औषध नीट शोषले जात नाही. बटण पूर्ण दाबल्यावर दहा अंक मोजून मगच सुई काढावी. वापरात असलेले पेन उन्हापासून व चुलीपासून दूर ठेवावे. राखीव पेने फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाहीत. मात्रा आणि जेवणाशी असलेले अंतर डॉक्टरांनी सांगितले असेल तेच. हात कापत असतील किंवा पेनवरचे आकडे दिसत नसतील, तर हे काम सासऱ्यांनी वा मुलाने शिकावे. मुलाने तर शिकावेच. आईचे इन्सुलिन हे सुनेचे काम कसे ठरले, हे मला आजवर उमगलेले नाही.

घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे, आणि साखर ७० च्या खाली: अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला दूरध्वनी करावा. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे, यांतही प्रथम १०८ आणि मग सुनेला हाक. पायाची सूज, बद्धकोष्ठता, संपत आलेल्या गोळ्या यांसाठी एक वही ठेवावी. रक्तदाब पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाठ टेकवून स्वतः मोजावा व त्याच वहीत लिहावा. ती वही ती सुट्टीच्या दिवशी पाहील. सूज एकाच पायाला व दुखरी असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र वहीवर न थांबता डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे.

रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाची वाट दाखवली आणि त्यांच्यासाठी वसतिगृहही चालवले. शिकणाऱ्या परिचारिकेला निवारा लागतो, ही दृष्टी त्यांना तेव्हा होती. आज ती आपल्याच घरात राहून शिकते. तर एका खोलीला जाड पडदा आणि चार तासांची शांतता आपण देऊ शकतो. शिकणारा मुलगा असेल, तरी हेच.

आणि वृद्धांनी अभ्यासात मदतही करावी. रुग्णाचा पूर्वेतिहास विचारून घेण्याचा सराव तिला हवाच असतो. पन्नास वर्षांपूर्वीचे बाळंतपण, गुडघ्याचे दुखणे, कोणत्या औषधाने पुरळ उठले होते, हे सारे तिला सविस्तर सांगावे. ती लिहून घेईल. फक्त सातनंतर, चहा घेता घेता.