तेच उत्तर, तोच प्रश्न

दिवाळी तोंडावर आली, की आमच्या दादरच्या घरात काटकसरीची लाट येते. यंदाही आली. सौ.नी किराण्याच्या यादीत चुकून दोनदा लिहिलेला रवा खोडला, तेव्हा पवईच्या आय. आय. टी. त शिकणारा आमचा भाचा शेजारीच चकल्या तोडीत बसला होता. तो म्हणाला, “मामी, हेच काम आमचा कंपायलर करतो!”

मी पडलो मराठीचा मास्तर. विचारले, “हा कोण बुवा तुझा कंपायलर?”

“दुभाष्या, मामा. माणसाने आपल्या सोयीच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञा तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. पण नुसते भाषांतर करून थांबत नाही. वाटेत पाल्हाळ दिसला, तर तो छाटतो.”

आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे बारसे केले, एवढे मला ठाऊक होते. पण आरंभीच्या अशा यंत्रांना काम सांगायचे, तर माणसालाच यंत्राच्या बोलीच्या जवळ जावे लागे. अमेरिकेत आय. बी. एम. मध्ये जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली ‘फॉर्ट्रान’ भाषेचा कंपायलर बाहेर काढला, तेव्हा जाणत्यांना शंका होती, की यंत्राने केलेले भाषांतर मुरलेल्या माणसाच्या हातच्या कामाइतके चपळ होईल काय? ते व्हावे म्हणूनच छाटणीची ही विद्या वाढली.

ती चालते साच्यांवर. ‘अमुक घाटाची आज्ञा दिसली, की तिच्या जागी तमुक लिही,’ असे नियम कंपायलरपाशी असतात. ‘एकाने गुणा’ असे दिसले, तर ते खोडा. ‘दोनाने गुणा’ दिसले, तर ती संख्या तिच्यातच मिळवा. काम हलके होते.

“अरे, हे तर आमचे व्याकरण!” मी उत्साहाने म्हणालो. “आकारान्त पुल्लिंगी नाम दिसले, की सामान्यरूपात ‘आ’चा ‘या’ करायचा. घोडा, घोड्याला. आंबा, आंब्याला.”

“आणि मामा?” भाचा मिस्किलपणे म्हणाला. “मामाला म्हणायचे, की माम्याला?”

मी गप्प झालो. घाट तोच, पण नात्याच्या शब्दांना नियम लागू नाही. साचा जुळला म्हणजे अट जुळली असे नव्हे.

“आमच्याकडेही तेच,” तो म्हणाला. “दुप्पट करून निम्मे केले, तर मूळची संख्या परत मिळते, हे शाळेतले गणित. पण यंत्रातल्या आकड्याला खण मोजकेच. समजा, चारच खण आहेत. सहा हजारांची दुप्पट बारा हजार. पण चार खणांत राहिले फक्त २०००. त्यांचे निम्मे १०००. आता ‘दुप्पट आणि निम्मे’ ही जोडी डोळे मिटून खोडली, तर यंत्र १००० ऐवजी ६००० सांगू लागेल. म्हणून आधी सिद्ध करायचे, की अर्थ बदलत नाही, आणि मगच कात्री लावायची.”

मग त्याने आपल्याच संस्थेतली एक गोष्ट सांगितली. एतिएन मोरेल आणि क्लोद रेनव्हाज या दोघा फ्रेंचांनी १९७९ साली अर्धवट पुनरुक्ती काढण्याची रीत मांडली होती. तिला व्यवहारात सोपे रूप देणारा निबंध पवईच्या प्रा. धनंजय ढमढेरे यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. अर्धवट पुनरुक्ती म्हणजे काय? समजा, गिरगावला जायचे दोन रस्ते आहेत. लालबागवरून येणाऱ्याने नारळ वाटेतच घेतला आहे, दुसऱ्या रस्त्याने येणाऱ्याने घेतलेला नाही. आणि गिरगावात पोचल्यावर आज्ञा अशी, की ‘नारळ आणा.’ पहिल्याला ती फुकटची, दुसऱ्याला गरजेची. तेव्हा दुसऱ्याच्या रस्त्यावर नारळाची खरेदी घालायची आणि गिरगावातली आज्ञा खोडायची. कुणालाच दोनदा खर्च नाही.

एवढे सांगून भाचा चकल्यांचा डबा घेऊन वसतिगृहावर गेला, आणि माझ्या डोक्यात ते खूळ शिरले.

गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर माझी आत्या एकटी राहते. तिला मी सकाळी आठला टेलिफोन करतो आणि संध्याकाळी सातला. प्रश्न एकच, “आत्या, कशी आहेस?” उत्तर एकच, “बरी आहे रे. तुझा चहा झाला का?” एक उत्तर सकाळी मिळाले असताना तोच प्रश्न संध्याकाळी कशाला? पेपर तपासण्याचे दिवस होते. संध्याकाळचा टेलिफोन मी खोडला.

पाचव्या दिवशी दुपारी शेजारच्या काकूंचा निरोप आला, “अहो, आत्यांना जिन्यात घेरी आली. कठडा धरला म्हणून बरं.”

मी लोकलने चर्नी रोड गाठले आणि धापा टाकीत जिना चढलो. आत्या आरामखुर्चीत बसली होती. रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट पाहिले, तर संध्याकाळच्या चार गोळ्या जशाच्या तशा!

“अगं, घेतल्या का नाहीस?”

“तुझा फोन आला, की घेते मी,” ती सहज म्हणाली. “आताशा घड्याळाचे काटे कुठे दिसतात मला? फोन आला नाही, तर वाटे, सात वाजायचे असतील. मग झोप लागून जाई.”

डॉक्टरांनी तपासले, निभावले. रात्री भाच्याला सांगितले, तर तो क्षणभर बोललाच नाही. मग म्हणाला, “मामा, निम्मेच सांगून गेलो मी. उत्तर तेच येते एवढ्यावरून आज्ञा खोडता येत नाही. उत्तर देता देता ती आणखी काही करते का, कुठे काही लिहिते का, कशात बदल करते का, हे आधी पाहावे लागते. करीत असेल, तर कंपायलर तिला हात लावत नाही. आत्याआजीचा टेलिफोन त्यातला.”

वीस वर्षे मी मुलांना सारांशलेखन शिकवतो. ‘पुनरुक्ती टाळा’ असे लाल शाईने किती वह्यांवर लिहिले असेल! ती पुनरुक्ती तिथे काय काम करीत होती, हे मात्र क्वचितच पाहिले.

आता रोज सातला टेलिफोन करतो. “बरी आहे रे. तुझा चहा झाला का?” उत्तर तेच येते. मग पलीकडे पाण्याचे भांडे वाजते. ते ऐकले, की मी टेलिफोन खाली ठेवतो.