पडद्यावरचे अक्षर आणि मालकाची मुखत्यारी

संगणक विकत घेऊन घरी आणणाऱ्या मनुष्यास त्याच्या पडद्यावर नातवंडांचे, कुलदैवताचे किंवा सिंहगडाचे चित्र लावण्याची मुभा पहिल्या दिवसापासून असते, आणि ती तो मोठ्या हौसेने वापरतोही. परंतु त्या चित्रावर जी अक्षरे उमटतात, ज्या अक्षरांतून त्याला दिवसचे दिवस फाइलींची नावे, यंत्राच्या सूचना, पत्रे आणि हिशेब वाचावे लागतात, त्या अक्षरांचे वळण ठरविण्याचा अधिकार आपल्याला आहे किंवा असावा, हा विचार त्याच्या मनाला क्वचितच शिवतो. चित्राची निवड मालकाकडे आणि अक्षराची निवड कारखान्याकडे, ही विपरीत वाटणी आपण निमूटपणे पत्करलेली आहे. ती पत्करू नये, आणि मराठी वाचकाने तर मुळीच पत्करू नये, असे माझे मत आहे.

ही वाटणी काही अनादि नव्हे. विंडोज ७ पर्यंत खिडकीच्या मथळ्याचा, मेनूचा, चिन्हांखालील नावांचा आणि संदेशांचा फाँट निरनिराळा निवडण्याची सोय यंत्राच्या रूपरंगाच्या रकान्यांत होती. २०१२ साली विंडोज ८ आली आणि फाँट निवडण्याची सोय गेली. अक्षराचा आकार लहानमोठा करण्याची जी किरकोळ सवलत मागे उरली होती, तीही २०१७ च्या सुधारणेत खालसा झाली आणि वृद्ध वाचकांच्या सुदैवाने पुढच्या वर्षी वेगळ्या रूपात परत आली. आज तेथे फाँट बदलावयाचा म्हणजे रजिस्ट्री नावाच्या यंत्राच्या मूळ दप्तरात हात घालून एका फाँटाच्या नावावर दुसऱ्याची नोंद चढवावी लागते, आणि असले धाडस निवृत्त शिक्षकाने किंवा तहसील कचेरीतील कारकुनाने करावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. आजच्या मॅकवर असा रकानाच नाही. लिनक्सच्या केडीई या डेस्कटॉपमध्ये मात्र सर्वसाधारण मजकूर, समान रुंदीची अक्षरे, बारीक अक्षरे, साधनपट्टी, मेनू आणि खिडकीचा मथळा अशा सहा जागांसाठी सहा फाँट नेमता येतात. जीनोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये त्यासाठी ट्वीक्स नावाचे छोटे साधन वेगळे बसवावे लागते, हे मला अनावश्यक कार्पण्य वाटते.

इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने हा प्रश्न बहुतांशी अभिरुचीचा आहे. आपल्या दृष्टीने तो डोळ्यांचाही आहे. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार यांना, आणि खाली उकार, ऋकार व उभ्या जोडाक्षरांना जागा द्यावी लागते. ओळीची उंची रोमन लिपीच्या मापाने आधीच ठरलेली असली म्हणजे ही सारी मंडळी त्याच उंचीत कोंबण्यासाठी मूळ अक्षराचा देहच आखडता घ्यावा लागतो, आणि म्हणून एकाच मापाची मराठी व इंग्रजी अक्षरे शेजारी शेजारी ठेवली असता मराठी अक्षर बारीक दिसते. ज्येष्ठ सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला मंगल हा फाँट विंडोज २००० बरोबर आला आणि एका संपूर्ण पिढीने युनिकोड मराठी प्रथम त्याच वळणात वाचली. विंडोज ८ पासून ती जागा निर्मला नावाच्या फाँटाने घेतली. हे दोन्ही फाँट अभ्यासपूर्वक केलेले आहेत, यात संशय नाही. परंतु मुळात देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या सर्व भाषांचा सांभाळ त्यांना करावयाचा होता, आणि त्या सांभाळात मराठीच्या वाट्याला काय आले हे पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला व देवनागरी लिपी यांविषयी निर्णय काढला आणि त्यात मराठीसाठी पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही वळणे प्रमाण मानली. उत्तरेत रूढ असलेला दंडयुक्त ल व तिकडचा श ही त्यांच्या ठिकाणी शोभिवंतच आहेत, त्यांच्याशी माझा काही तंटा नाही. पण मंगल किंवा निर्मला यांच्या मूळ बैठकीत दिसतात ती हीच उत्तरेकडची वळणे. परिणामी शासनाने एक वळण ठरवावे आणि त्याच शासनाच्या कचेरीतील पडद्याने प्रत्येक ओळीत दुसरे दाखवावे, असा प्रकार रोज घडत असतो, आणि हुकमाचा हा भंग कोणी जाणूनबुजून करीत नसल्यामुळे त्याचा जाब कोणाला विचारावा हेही समजत नाही. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांच्या ल ला एकच क्रमांक आहे. ल कोणत्या रूपात दिसावा हा निर्णय सर्वस्वी फाँटावर सोपविलेला आहे. म्हणजे आपल्या अक्षराचा वाद जेथे सुटू शकतो ती जागा नेमकी तीच आहे, जेथे मालकाचा हात पोचू नये अशी व्यवस्था केली गेली.

यावरचा उपाय फार दूर शोधावा लागत नाही. त्याचा एक अध्याय आमच्या हडपसरातच लिहिला गेला. मगर मंडळींनी व त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून जे मगरपट्टा नगर उभारले, त्याच्या सायबरसिटीत रेड हॅट या लिनक्स कंपनीची पुण्यातील कचेरी बरीच वर्षे होती. या कंपनीने २००४ साली लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे फाँट सर्वांना मुक्त केले. त्यांची मूळ अक्षरे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेककडून आलेली होती, आणि २०११ साली ते अधिक सैल अशा मुक्त फाँट परवान्याखाली आणले गेले. प्रारंभी लोहित हिंदी आणि लोहित मराठी असे दोन फाँट वेगळे होते. पुढे ते लोहित देवनागरी या एका फाँटात विलीन झाले, आणि विलीन होताना मराठीचे ल व श त्याच फाँटाच्या पोटात राखून ठेवले गेले. मजकुराची भाषा मराठी आहे असे यंत्राला कळले की पाकळीयुक्त ल पुढे येतो, हिंदी आहे असे कळले की दंडयुक्त. गूगलच्या नोटो देवनागरीतही हीच योजना आहे. दोन भाषांच्या हक्कांची इतकी सोज्ज्वळ तडजोड राजकारणात क्वचित पाहावयास मिळते.

मात्र ही तडजोड अंमलात येण्यासाठी यंत्राला भाषा सांगावी लागते, आणि आपण ती सांगत नाही. नवे यंत्र सुरू करताना भाषेच्या रकान्यात बहुतेकजण इंग्रजी ठेवतात, क्वचित कोणी हिंदी निवडतो, आणि मग मराठी ल दिसत नाही म्हणून फाँटाला दोष देतो. लिनक्समध्ये यंत्राची भाषा मराठी केली, लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी नेमली, की ज्या फाँटांत ही योजना आहे ते फाँट आपले वळण आपोआप सुधारतात. वृत्तपत्रांची संकेतस्थळेही या नियमास अपवाद नाहीत. पानाच्या आरंभी भाषा मराठी असल्याची एक छोटी नोंद केलेली नसेल, तर ब्राउझरने काय तर्क करावा? ज्या वृत्तपत्रात हा लेख छापला जाईल त्याच्या संपादकांनीही आपल्या पानाची ही नोंद एकदा तपासून पाहावी, अशी नम्र सूचना येथेच करून ठेवतो.

आपण फाँटाला हात लावण्यास भितो, याचे कारण आळस नव्हे असे मला वाटते. त्याला एक इतिहास आहे. हडपसरच्या गाडीतळाच्या आसपासच्या कोणत्याही टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात, जेथे भाडेकरार, अर्ज आणि लग्नपत्रिका तयार होतात, तेथील जुन्या फाइली पाहाव्यात: त्या श्री-लिपी, शिवाजी किंवा कृतीदेव यांसारख्या फाँटांत बांधलेल्या असतात. त्या काळी अक्षराचे वळण आणि अक्षराची ओळख ही एकाच गाठीत होती; फाँट बदलला की मजकूर नुसता कुरूप होत नसे, तो रोमन चिन्हांचा निरर्थक चिवडा होऊन जाई. रात्रभर खपून केलेली पत्रिका एका चुकीच्या टिचकीने वाया गेलेल्या ऑपरेटरांच्या पिढीने पुढच्या पिढीला एकच उपदेश केला, की फाँटाच्या वाटेस जाऊ नये. युनिकोडने ही गाठ सोडविली. आता वळण कितीही वेळा बदला, मजकूर तोच राहतो. भीतीचे कारण गेले तरी भीती मात्र वारसाहक्काने चालत राहिली.

यावर कोणी म्हणेल, की आमच्या वाडवडिलांनी कधी अक्षर निवडले होते? जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत खिळ्यांचा कारखाना काढला, पुढे त्यांच्या निर्णयसागर छापखान्याची अक्षरे घरोघरच्या पोथ्यांत गेली, आणि वाचकाने ती जशी आली तशी वाचली. हे खरे आहे. परंतु त्या निवडीवर शिशाच्या वजनाचा निर्बंध होता: एका देवनागरी संचात शेकडो खिळे लागत, जुळाऱ्यासमोरची खणांची मांडणी भिंतभर पसरे, आणि खिळ्यांची ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाने केसरीच्या व्यापातून वेळ काढला. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा बृहद्ग्रंथ शासनाने १९७१ साली प्रसिद्ध केला, तो चाळला तर या निर्बंधाशी किती पिढ्या झगडल्या याची कल्पना येते. आज तो निर्बंध उरलेला नाही. मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्त नावाचा फाँट, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा व यशोवेणू, लोहित आणि नोटो हे सारे फाँट विनामूल्य उतरवून घेता येतात. शिसे संपले असताना निर्बंध मात्र कोणा परदेशी कंपनीच्या सोयीसाठी चालू ठेवावा, हे काही परंपरेचे पालन म्हणता येणार नाही.

तेव्हा शाळांच्या संगणककक्षांत, ग्रंथालयांत आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांत नवे यंत्र मांडताना भाषेच्या रकान्यात मराठी आणि अक्षरांच्या रकान्यात मराठी वळण जाणणारा फाँट नेमण्याची तजवीज खरेदीच्या अटींतच असावी. २००९ च्या निर्णयाची ती सर्वांत स्वस्त बजावणी ठरेल. घरच्या यंत्रासाठी माझी पसंती विचाराल, तर मेनू व मथळे मुक्तच्या मध्यम जाडीत, आकार इंग्रजीला पुरतो त्याहून एक-दोन अंकांनी मोठा, आणि दीर्घ मजकुरासाठी यशोमुद्रा. एक टाइपचाच बालू हा गुबगुबीत फाँट सर्वत्र लावण्याचा मोह नव्या उत्साहात बहुतेकांना होतो. तो दुकानाच्या पाटीवर फार गोड दिसतो, पण फाइलींच्या यादीत त्याच्याकडे आठवडाभर पाहिल्यावर मला पुन्हा मुक्तकडे यावे लागले.