वेई यीचा आलेख

बुद्धिबळाच्या बातमीत 'सर्वात लहान' हे दोन शब्द दिसले की मला थोडी धास्ती वाटते. खेळाडूच्या कर्तृत्वाविषयी शंका म्हणून नव्हे. त्या दोन शब्दांवरून आपण पुढे जी अनुमाने काढतो, त्यांची धास्ती. चीनच्या वेई यी या ग्रँडमास्टरची हकीगत या दृष्टीने विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे.

वेई यीचा जन्म १९९९ सालचा, च्यांग्सू प्रांतातला. २०१३ च्या आरंभी, वयाची चौदा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, तो ग्रँडमास्टर झाला. त्याच वर्षी नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे झालेल्या विश्वचषक स्पर्धेत त्याने नेपोम्नियाची आणि शिरोव्ह या दोन नामांकितांना घरी पाठविले. मार्च २०१५ च्या यादीत त्याचे गुणांकन २७०० च्या वर गेले. तोपर्यंतच्या इतिहासात इतक्या लहान वयात कोणी तेथे पोहोचले नव्हते. त्याच वर्षी तो चीनचा राष्ट्रीय विजेता झाला. जुलैमध्ये क्यूबाच्या ब्रुझोनविरुद्ध त्याने जो डाव खेळला, तो तर शौकीन मंडळी आजही पटावर मांडून बघतात. बाविसाव्या खेळीला त्याने हत्ती दिला, मग उंटही दिला, आणि काळ्या राजाला त्याच्या तटबंदीतून ओढून पटाच्या मध्यावर आणले. तो बिचारा राजा फरफटत पांढऱ्या फौजेच्या दाराशी पोहोचला, तेव्हा छत्तिसाव्या खेळीला ब्रुझोनने डाव सोडला.

आता आलेख काढा. २०१३ मध्ये सुमारे २५०० गुण, २०१५ मध्ये २७००. म्हणजे वर्षाला शंभर गुणांचा चढ. पट्टी ठेवून रेषा पुढे वाढवली, तर २०१७ मध्ये २९०० यायला हवेत! प्रत्यक्षात २९०० पर्यंत आजवर कोणीच गेलेले नाही. कार्लसनने २०१४ मध्ये गाठलेले २८८२ हा उच्चांक आहे. तरीही पुष्कळ जाणत्या लोकांनी मनातल्या मनात ही रेषा ओढली, आणि भावी जगज्जेता म्हणून या मुलाकडे बोट दाखविले. वेई यी मात्र पुढची कित्येक वर्षे २७५० च्या फारसा पुढे जाऊ शकला नाही. मधल्या काळात तो बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात शिकायला गेला. मग तेच लोक म्हणू लागले, शिकण्याच्या नादात मुलगा वाया गेला.

मला हे म्हणणे मुळीच पटत नाही, आणि त्याचे कारण गुणांकनाच्या रीतीतच आहे. ही रीत बसविणारे आर्पाद एलो हे अमेरिकेतील मिलवॉकी येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. (हे सांगताना मला आमच्या विषयाचा थोडा अभिमान वाटतो.) जागतिक संघटनेने १९७० मध्ये ती स्वीकारली. तिचे मर्म असे, की दोन खेळाडूंच्या गुणांकनांतील फरकावरून अपेक्षित निकाल काढायचा. फरक १०० असेल, तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत सुमारे ६४ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. फरक २०० असेल तर ७६. अपेक्षेपेक्षा अधिक मिळवले तर गुणांकन चढते, कमी मिळवले तर उतरते. म्हणजे तुम्ही जितके वर जाल, तितकी तुमच्याकडून अपेक्षा वाढते. शंभर गुणांनी खालच्या खेळाडूशी केलेली बरोबरीसुद्धा मग नुकसानीची ठरते.

आकाशातून पडणाऱ्या पावसाच्या थेंबाचे असेच होते. आरंभी त्याचा वेग झपाट्याने वाढतो. पण वेगाबरोबर हवेचा विरोधही वाढत जातो, आणि अखेर दोन्ही बले समतोल होऊन वेग स्थिर होतो. पृथ्वीची ओढ म्हणून काही कमी झालेली नसते. गुणांकन स्थिर राहिले म्हणजे बुद्धी थांबली असे म्हणणे, हे थेंबाचे वजन नाहीसे झाले असे म्हणण्यासारखेच आहे. अर्थात उपमा इथवरच चालते. थेंबाला आपले वजन मनास येईल तेव्हा वाढवता येत नाही. माणूस शिकू शकतो.

वेई यीच्या बाबतीत तसे घडले. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झे येथील टाटा स्टील स्पर्धेत त्याने शेवटच्या फेरीत आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीला हरवले. चौघे बरोबरीत राहिले, आणि जादा डावांत अब्दुसत्तोरोव्ह व गुकेश यांना मागे टाकून वेई यी पहिला आला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. विद्यापीठाची पायरी चढलेला तो एकटाच चिनी खेळाडू नव्हे. २०२३ चा जगज्जेता डिंग लिरेन कायद्याचा पदवीधर आहे. सोळाव्या वर्षी महिला जगज्जेती झालेली हौ यिफान ऑक्सफर्डला शिकून पुढे शेंझेन विद्यापीठात प्राध्यापक झाली.

उलट उदाहरणही आहेच. गुकेशने चौथीनंतर नेहमीची शाळा सोडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो जगज्जेता झाला. आपल्याकडे पालकांच्या ध्यानात राहते ते नेमके एवढेच. पण ज्यांनी शाळा सोडली आणि ज्यांना पटावरही फारसे काही मिळाले नाही, त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रात येत नाहीत. प्रयोगाची फक्त जमलेली वाचने वहीत लिहायची आणि बाकीची खोडायची, असे एखाद्या विद्यार्थ्याने केले तर आम्ही त्याची वही परत करतो. वेई यी शिकायला गेला नसता तर अधिक उंच गेला असता का? तो प्रयोग पुन्हा करता येणार नाही. म्हणूनच 'वाया गेला' हा निकाल देण्याचा अधिकारही कोणाला नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषक स्पर्धा आपल्या गोव्यात झाली. वेई यी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तेथे तो हरला. पण जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेतील जागा त्याला त्यामुळे प्रथमच मिळाली. त्याचे वय होते सव्वीस. त्याला हरविणारा उझबेकिस्तानचा सिंदारोव्ह एकोणीस वर्षांचा होता, विश्वचषक जिंकणारा सर्वात लहान खेळाडू. बातमीचा मथळा कोणावर बेतावा, असा प्रश्न कोणाला पडला नसेल.