उसने घेतले की उसने दिले?



महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तरीही दहावी-बारावी झालेली आपली मुले काही साध्या क्रियापदांपाशी अडखळतात. हा दोष बुद्धीचा नाही. मराठीत जिथे एका शब्दाने भागते, तिथे इंग्रजी दोन शब्द वापरते, एवढेच.

'उसने' हाच शब्द घ्या. आपण त्याला 'घेणे' किंवा 'देणे' जोडतो. इंग्रजीत घेणाऱ्याचे क्रियापद 'बॉरो' आणि देणाऱ्याचे 'लेंड'. 'आय बॉरोड ५० रुपीज फ्रॉम हिम' म्हणजे मी त्याच्याकडून घेतले. 'आय लेंट हिम ५० रुपीज' म्हणजे मी त्याला दिले. कोणाकडून घेतले ते सांगताना बॉरोबरोबर 'फ्रॉम' येते, ही खूण लक्षात ठेवावी. कर्जाच्या इंग्रजी फॉर्मवर हा फरक फार महत्त्वाचा. 'बॉरोअर' म्हणजे कर्जदार, 'लेंडर' म्हणजे कर्ज देणारा आणि 'गॅरंटर' म्हणजे जामीनदार. १८७२ च्या करार कायद्यानुसार, वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणून सही करण्यापूर्वी वर काय छापले आहे ते वाचावे.

दुसरा घोटाळा 'व' या अक्षराचा. शिकणे-शिकवणे, वाढणे-वाढवणे. एक 'व' घातला की काम दुसऱ्यावर जाते. इंग्रजीत तिथे शब्दच बदलतो. शिकणे 'लर्न', शिकवणे 'टीच'. म्हणून 'माय सिस्टर लर्न्स मी इंग्लिश' हे चूक, 'टीचेस मी' हे बरोबर.

वाढणे 'राइज', वाढवणे 'रेज'. 'प्राइसेस रोज' म्हणजे भाव वाढले. 'द शॉपकीपर रेज्ड द प्राइस' म्हणजे दुकानदाराने भाव वाढवला. पहिल्या वाक्यात वाढवणारा दिसत नाही, दुसऱ्यात तो समोर उभा राहतो. तक्रार अर्ज लिहिताना हे फार उपयोगी पडते. रूपे अशी: राइज, रोज, रिझन आणि रेज, रेज्ड, रेज्ड.

आडवे होणे 'लाय', आडवे ठेवणे 'ले'. बाळ खाटेवर पडले आहे तर 'लाय', आईने त्याला निजवले तर 'ले'. इथे एक खोच आहे. 'लाय'चा भूतकाळही 'ले'च होतो आणि 'ले'चा होतो 'लेड'. ही जोडी पाठच करावी.

आता घरात सर्वांनी मिळून करावयाचा अभ्यास. पुढील वाक्यांत कोणते क्रियापद येईल? (१) तुझी सायकल दोन दिवस मला वापरायला दे. (२) काकांनी मला पोहायला शिकवले. (३) आम्ही सभेत प्रश्न उपस्थित केला.

उत्तरे: लेंड, टॉट, रेज्ड. मुलांनी आधी सोडवावे, मगच उत्तरे पाहावीत. आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी त्यांनी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: 'काम कोणी केले आणि कोणावर झाले?' या प्रश्नाचे उत्तर मराठीत देता आले, की इंग्रजी शब्द निवडणे सोपे जाते.