वय झालं म्हणून खाटेवर बसवू नका

‘आता वय झालं, चालायचंच!’ फिजिओथेरपीसाठी ज्या घरी जाते तिथं हे ऐकते, आणि मला ते मुळीच पटत नाही. म्हातारपणी येणारा अशक्तपणा वाढतो, तसा ओसरतोही.

अमेरिकेतल्या न्यू हेवन परिसरात सत्तरीपुढच्या ७५४ जणांची साडेचार वर्षं पाहणी झाली. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक जणांची अवस्था त्या काळात एकदा तरी बदलली. खालावणं जास्त दिसलं, पण सावरणंही दिसलं. मात्र पुरता अशक्त झालेला माणूस एकदम ठणठणीत झाल्याचं उदाहरण विरळाच. म्हणून सावरायचं ते मधल्या टप्प्यावर.

हा टप्पा घरच्यांना ओळखता येतो. बांगड्या ढिल्या होतात, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, चार मीटर चालायला पाच सेकंदांहून जास्त लागतात.

सगळ्यात मोठा घसारा आजारपणात होतो. दहा दिवस अंथरुणात ठेवलेल्या निरोगी वृद्धांच्या पायांतलं जवळपास किलोभर मांस झडल्याचं २००७ च्या एका अभ्यासात आढळलं. न्यूमोनियातून उठून घरी आलेल्या एका आजींना सून मायेनं पाण्याचा पेलासुद्धा खाटेवर देत होती. आम्ही खुर्चीवर जाड उशी ठेवून उठ-बस सुरू केली. आधी हात टेकून, मग हात न टेकता. पुढे उशी पातळ केली, शेवटी काढली. आता आजी देवघरापर्यंत स्वतः जातात.

बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या सरासरी ८७ वर्षांच्या माणसांनी दहा आठवडे वजनं उचलली, तेव्हा त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली. व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलेल्यांना तसा फायदा झाला नाही. ताटात डाळ, दही, अंडं हवंच. पण पाय चालवल्याशिवाय ते अंगी लागत नाही.

सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत रुग्णालयातल्या उपचारांसाठी पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते हवंच होतं. पण घरी आलेल्या माणसाला पायावर उभं करणं हाही उपचारच आहे, आणि सरकारनं त्याचीही सोय केली पाहिजे. तोवर निदान एवढं करा: डिस्चार्ज घेताना गोळ्यांच्या यादीखाली व्यायामही लिहून मागा.